मिनिएचरचा संग्रह सौद्याला लावताना

सांगलीच्या मार्केट यार्डात हळद सौद्याला लागायच्या आधी हळकुंड वेगळं, गड्डा वेगळा, कणी वेगळी झालेली असते. मिसळ मालाला मिसळीचाच भाव, हे इथल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. वॉरगेमिंगच्या, म्हणजे टेबलावर खेळायच्या युद्धखेळांच्या, छोट्या फिगर विकणाऱ्यांना मात्र सांगावं लागतं. वीस वर्षं जमवलेली फौज एका खोक्यात ओतायची, वरून एक फोटो काढायचा आणि ‘वॉरहॅमर लॉट, मोठा, स्वस्तात’ अशी जाहिरात टाकायची (वॉरहॅमर हा असाच एक खेळ). तो लॉट घेणारा बहुधा दुसरा विकणाराच असतो. तो घरी नेऊन निवडणी करतो आणि तीन-चार महिन्यांत त्याच मालाचे दुप्पट करतो. निवडणीला लागतात दोन रविवार. लिलावातल्या कुठल्याही युक्तीपेक्षा हे दोन रविवार जास्त पैसे देतात.

निवडणीसाठी अंड्यांचे तीसचे कागदी ट्रे आणा. २५ किंवा ३२ मिलिमीटरच्या बेसवरची, म्हणजे पायाखालच्या चकतीवरची, पायदळाची फिगर एका खणात नीट बसते, भाले एकमेकांत अडकत नाहीत आणि मोजणी आपोआप होते. पहिली वाटणी मटेरियलची: प्लास्टिक, धातू, रेझिन. धातू वजनावरून कळतो. प्लास्टिक आणि रेझिनमध्ये गोंधळ होतो, तेव्हा बेसच्या खालच्या, न दिसणाऱ्या कडेला ब्लेडने हलकं खरवडा. प्लास्टिकची बारीक साल वळून निघते, रेझिनची भुकटी पडते. हे तपासणं चुकवू नका, कारण रेझिन म्हणून घेतलेली वस्तू प्लास्टिकची निघाली, किंवा उलट झालं, तर ती परत येणार आणि येण्याजाण्याचा खर्च तुमच्या माथी.

दुसरी वाटणी अवस्थेची. सीलबंद खोका, स्प्रूवरच (साच्यातून निघालेल्या प्लास्टिकच्या चौकटीवर) असलेले सुटे भाग, जोडलेली पण बिनरंगाची, प्रायमर (रंगाआधीचा पहिला थर) मारलेली, रंगवलेली, आणि मोडकी किंवा सुटे हातपाय. किमतीची उतरंड साधारण याच क्रमाने असते, फक्त रंगकामाचं गणित वेगळं. अप्रतिम रंगवलेली फिगर सीलबंदपेक्षा महाग जाते, मध्यम रंगवलेली मात्र प्रायमर मारलेल्या फिगरच्याही खाली जाते. घेणाऱ्याला तुमचा रंग काढायचा असतो आणि त्या कामाची मजुरी तो किमतीतून वजा करतो. आपलं रंगकाम मध्यम आहे हे मान्य करणं जड जातं, पण लॉट लावताना ते मान्य केलेलंच बरं.

मग रंग आपणच काढावा का? प्लास्टिकसाठी शक्यतो नको, त्या श्रमाचे पैसे सुटत नाहीत. जुन्या धातूच्या फिगरवर जाड थर असतील आणि नाकडोळे बुजले असतील, तरच करा. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये रात्रभर बुडवून दुसऱ्या दिवशी टूथब्रशने घासलं की बहुतेक ॲक्रिलिक सुटतो. डेटॉलही चालतं, पण ते पाण्याने पातळ करायचं नाही. चोवीस तासांनी फिगर बाहेर काढून आधी डेटॉलमध्येच घासायची, डेटॉलनेच पुसायची आणि रंग पूर्ण निघाल्यावर मगच पाण्याखाली धरायची. आधी पाणी लागलं की सुटलेल्या रंगाचा चिकट लगदा होतो आणि तो रंगापेक्षा वाईट चिकटतो. ॲसिटोन फक्त धातूला. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये प्लास्टिकची फिगर टाकली तर काही वेळात तिचा गोळा हाती येईल.

तिसरी वाटणी ओळखीची, आणि खरे पैसे इथेच आहेत. १९८०च्या दशकाच्या मध्यापासूनच्या सिटाडेल (वॉरहॅमरवाल्यांचा फिगरचा ब्रँड) धातूच्या फिगरच्या दोन पायांमध्ये एक चपटी पट्टी असते, जी काळ्या प्लास्टिकच्या बेसच्या फटीत बसते. त्या पट्टीवर बऱ्याचदा फिगरचं नाव आणि कॉपीराइटचं साल कोरलेलं असतं. बेसमधून फिगर अलगद उपसली, पट्टीवर मोबाइलचा टॉर्च आडवा धरला की अक्षरं उठून दिसतात. तरीही वाचता आली नाहीत तर त्यावर पेन्सिलचं शिसं हलकं फिरवा. ‘जुना ऑर्क’ असं लिहिलेली फिगर आणि पट्टीवरचं नाव-साल फोटोसकट दिलेली तीच फिगर यांच्या बोलीत बराच फरक पडतो, कारण संग्राहक नाव टाकूनच शोधतो. गोंद पक्का असेल तर मात्र ओढाताण करू नका, घोट्यातून तुटते. तासभर फ्रीजरमध्ये ठेवा. सुपरग्लूचा सांधा थंडीने ठिसूळ होतो आणि हलक्या पिळाने सुटतो. प्लास्टिक सिमेंटने जोडलेल्या सांध्याला हा उपाय लागू नाही, तिथे दोन तुकडे विरघळून एक झालेले असतात.

आपल्याकडच्या हवेने होणारं नुकसान वेगळं बघायला हवं. जुन्या कॅरी केसमधला स्पंज दमट हवेत काही वर्षांनी विरघळायला लागतो आणि त्याचा काळपट चिकट चुरा फिगरला धरतो. तो अल्कोहोलने पुसला तर रंगही निघेल. कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब टाकून मऊ ब्रशने काढा. धातूच्या फिगरवर पांढरी भुकटी दिसली तर तो शिशाचा क्षय असतो. लाकडी किंवा प्लायच्या बंद कपाटातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेने तो होतो. भुकटी कोरडी घासून उडवायची नाही, ओल्या फडक्याने टिपायची, हात धुवायचे आणि वर्णनात ते स्पष्ट लिहायचं. २०१९ आणि २०२१च्या महापुरात ज्यांचा माल तळमजल्यावर होता त्यांच्याकडे पाणी लागलेले खोकेही असतील. स्प्रूला पाण्याने काही होत नाही, धुऊन वाळवले की नव्यासारखे. पण आतले ट्रान्सफर म्हणजे चिकटचित्रांचा कागद गेला असं समजा. असा माल ‘नवा, खोक्यात’ म्हणून लावू नका. ‘स्प्रूवर, खोक्याविना, ट्रान्सफर खराब’ असं लिहा. किंमत थोडी उतरते, वाद होत नाही.

नकली माल वेगळा काढा. रेझिनमध्ये बारीक बुडबुड्यांची भोकं, मूळ फिगरपेक्षा किंचित लहान आकार, बुजलेली अक्षरं, खोक्याचा पत्ता नाही, अशी लक्षणं एकत्र आली तर ती रीकास्ट, म्हणजे मूळ फिगरचा साचा काढून ओतलेली नक्कल, असण्याची शक्यता मोठी. थ्रीडी प्रिंटवर तिरप्या उजेडात थरांच्या रेषा दिसतात. रीकास्ट मूळ म्हणून विकणं ही फसवणूक झाली, आणि लिलावाच्या साइट तक्रार आल्यावर नुसता तो लॉट काढत नाहीत, खातंही गोठवतात.

आता भाव. लोक मागतात ती किंमत बघू नका, गेली ती बघा. ईबेवर ‘सोल्ड आयटम्स’ हा फिल्टर लावला की मागच्या ९० दिवसांतले प्रत्यक्ष झालेले सौदे दिसतात. त्यात सर्वात वरचा आणि सर्वात खालचा सोडून मधले पाच-सहा घ्या. ज्या किमतीवर काट मारलेली दिसते तिथे घासाघीस होऊन कमीत सौदा झालेला असतो, तो आकडा धरू नका. परदेशातला आकडा रुपयात बदलून तोच इथे मागणंही चूक. काही मालाला इथे त्याहून जास्त मिळतात, काहीला निम्मेसुद्धा मिळत नाहीत.

याचं कारण जकात. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० झालं, २०२३ मध्ये ७०. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएस, म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या प्रमाणपत्राची अट लागू झाली. परिणामी चालू छापातले प्लास्टिकचे खोके बाहेरून मागवणं खेळाडूंना परवडेना आणि देशातल्या देशात हातबदल होणाऱ्या मालाला मागणी आली. म्हणून साधं, चालू, प्लास्टिकचं सैन्य इथेच विका. इंग्लंडमध्ये त्याचे ढीग पडलेत. उलट १९८०-९०च्या दशकातल्या धातूच्या दुर्मीळ फिगरचा गिऱ्हाईक बहुतेक वेळा परदेशात. त्या बाहेरच्या लिलावात लावा.

दुर्मीळपणाही कायमचा नसतो. वॉरहॅमर फँटसी हा खेळ २०१५ मध्ये बंद झाला, जुन्या फौजांचे भाव चढले. जानेवारी २०२४ मध्ये त्याच जगातला ‘द ओल्ड वर्ल्ड’ हा खेळ आला आणि गेम्स वर्कशॉप या वॉरहॅमरच्या कंपनीने जुन्यातली कित्येक किट पुन्हा छापली. जी छापली त्यांचा तोरा उतरला, जी छापली नाहीत ती तशीच टिकली. तेव्हा लॉट लावायच्या आठवड्यात नव्या घोषणा एकदा बघून घ्या. हा खेळ चौकोनी बेसवर खेळतात, त्यामुळे आणखी एक झालं, चौकोनी बेसला पुन्हा किंमत आली. विकण्यासाठी म्हणून चौकोनी बेस काढून गोल लावण्याचा उद्योग करू नका. आहे तसं ठेवा, मापासकट लिहा.

लिलाव आणि ठरलेली किंमत यातलं काय निवडायचं? ज्याचा भाव दहा ठिकाणी दिसतो त्याला लिलाव कशाला? ठरलेली किंमत टाका, वाट बघा. लिलाव अशा मालासाठी, ज्याचा भाव तुम्हालाही सांगता येत नाही आणि जो घ्यायला किमान दोघे हटून बसतील. दोघे हवेतच. ईबेवर बोली आपोआप चढते. एखाद्याने ६० पौंडांची कमाल बोली लावून ठेवली तरी चालू किंमत दुसऱ्या बोलीच्या एक पायरी वरच थांबते. दुसरा कोणी आलाच नाही तर ६० द्यायला तयार असलेल्या माणसाला ती फिगर सुरुवातीच्या ९९ पेन्समध्ये मिळते. म्हणून सुरुवातीची किंमत तीच ठेवा, जिच्यात गेली तरी रात्री झोप लागेल. गुप्त राखीव किंमत ठेवण्याची सोय असते, पण तिने बोली लावणारे बिचकतात.

वेळेचा हिशोब भारताच्या घड्याळावर करायचा नाही. सात दिवसांचा लिलाव ज्या मिनिटाला सुरू होतो त्याच मिनिटाला संपतो. ब्रिटिश गिऱ्हाईक रविवारी रात्री आठच्या सुमारास घरी असतो. तेव्हा आपल्याकडे उन्हाळी वेळेत रात्रीचे साडेबारा आणि हिवाळ्यात दीड वाजलेले असतात, म्हणजे सोमवार उजाडलेला. शेड्यूल करून ठेवा, जागायची गरज नाही.

देशातले लिलाव बहुतेक फेसबुक आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर होतात, आणि तिथले नियम तुम्हीच लिहायचे असतात. एका पोस्टला एकच लॉट. सुरुवातीची बोली, पायरी (हजाराच्या आत ५० रुपये, वर १००), संपण्याची तारीख आणि वेळ, शिपिंग कोणाकडे, पैसे किती तासांत, हे सगळं पहिल्याच पोस्टमध्ये. शेवटच्या ५ मिनिटांत बोली आली तर वेळ ५ मिनिटांनी पुढे सरकेल, असं नक्की लिहा. नाहीतर सगळे शेवटच्या सेकंदाची वाट बघत बसतात, दोन कॉमेंट एकाच मिनिटाला पडतात आणि ‘माझी आधी’ यावर ग्रुपमध्ये महाभारत होतं. व्हॉट्सॲपवरची बोली पाठवणारा नंतर पुसू शकतो, म्हणून दर नव्या बोलीनंतर चालू आकडा तुम्ही स्वतः लिहा आणि स्क्रीनशॉट ठेवा. महिन्याचा पहिला आठवडा चांगला. आयपीएलच्या अंतिम सामन्याच्या संध्याकाळी लॉट संपवायचा नसतो, हे सांगायला नकोच.

मित्राला सांगून बोली चढवणं हा प्रकार इथेही चालतो. एवढ्याशा ग्रुपमध्ये तो दुसऱ्या-तिसऱ्या लॉटला उघडा पडतो, आणि नंतर तुमच्या खऱ्या लॉटवरही कोणी बोली लावत नाही.

सगळं एकदम लावू नका. आठवड्याला दहा-बारा लॉट पुरेत, तेवढेच पॅक करून होतात. सेनापती, जादूगार, नावाची पात्रं एकेकटी लावा. शिपाई दहा किंवा वीसच्या तुकडीत, नियमपुस्तकातल्या किमान संख्येप्रमाणे. नऊ शिपायांचा लॉट कोणालाच नको असतो, दहावा मोडका असला तरी तो घालून, मोडका असल्याचं लिहून, दहा करा. वाहनं स्वतंत्र. आधी मधल्या दर्जाचे लॉट काढा, नावावर चार चांगले अभिप्राय जमले की मग उत्तम माल.

फोटोला महागडा कॅमेरा लागत नाही. करड्या रंगाचा कार्डशीट भिंतीपासून टेबलापर्यंत वळवून ठेवा, म्हणजे मागे कोपरा दिसत नाही. फोन फिगरच्या डोळ्याच्या पातळीवर, एका हाताच्या अंतरावर, दुप्पट झूम. अगदी जवळ नेला की नाक मोठं आणि पाय बारीक दिसतात. जून-जुलैच्या ढगाळ सकाळी खिडकीतला उजेड दिव्यांपेक्षा सरस असतो, कारण सावल्याच पडत नाहीत. पुढून, मागून, बेस खालून, पट्टीवरची अक्षरं, शेजारी स्टीलची पट्टी ठेवून एक, आणि प्रत्येक तुटलेल्या जागेचा वेगळा. मोडक्या जागेचा फोटो पहिल्या तीनांत ठेवा. तो बघून बोली लावणारा नंतर तक्रार करत नाही.

पॅकिंगमध्ये सर्वात जास्त माल वाया जातो. एका खोक्यात धातू आणि प्लास्टिक एकत्र गेलं की धातूची प्रत्येक फिगर हातोडी होते. वेगवेगळ्या कप्प्यांत भरा. रंगवलेल्या फिगरला बबल रॅप थेट गुंडाळायचा नाही. एप्रिल-मेच्या उन्हात गाडीत पडून राहिलेल्या पार्सलमध्ये वार्निश मऊ पडतं आणि त्यावर बुडबुड्यांचे गोल ठसे उमटतात. आधी बिनछापाचा टिश्यू कागद, मग बबल, मग झिपची पिशवी, जेणेकरून तुटलंच तर तुकडा त्याच पिशवीत राहील. वर्तमानपत्राची शाई लागते, ते फक्त पोकळी भरायला. रेझिनच्या लांब तलवारी आणि काठ्या उन्हाने वाकतात. गरम पाण्यात धरून सरळ होतात, तेवढी ओळ वर्णनात घातली की गिऱ्हाईक घाबरत नाही. खोके आपल्या भागात स्वस्त आहेत. तासगाव-मिरज पट्ट्यात द्राक्षाचे कोरे खोके सहज मिळतात, भक्कम असतात. हवेची भोकं आतून चिकटपट्टीने बंद करा. वापरलेला खोका असेल तर आतला ग्रेप गार्डचा कागद आठवणीने काढून टाका. ओलाव्यात त्यातून सल्फर डायऑक्साइड सुटतो आणि तो धातूजवळ नको. फिगरचा आतला खोका आणि बाहेरचा खोका यांत सगळीकडून पाच सेंटिमीटर भरण ठेवा, हलवून बघा. आवाज आला तर पुन्हा उघडा.

वजन आधीच काढून ठेवा. धातूचा एक शिपाई साधारण २० ग्रॅम, म्हणजे तीस शिपाई ६०० ग्रॅम, पॅकिंगसकट किलोच्या आत. प्लास्टिकचं उलटं, वजन नाही पण जागा खातं. कुरिअरवाले लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५०००ने भागतात. ४० बाय ३० बाय २५चा खोका आत दीड किलोच असला तरी ६ किलोचा धरला जातो. तो आकडा लिलावानंतर कळला तर नफा तिथेच संपतो.

परदेशी विकायचं तर आयातनिर्यात कोड म्हणजे आयईसी काढावा लागतो. फी ५०० रुपये, अर्ज ऑनलाइन, आणि दर वर्षी एप्रिल ते जून या काळात माहिती अपडेट करावी लागते, बदल काही नसला तरी. ते राहिलं तर कोड निष्क्रिय होतो, आणि हे नेमकं पार्सल काउंटरवर गेल्यावर कळतं. पोस्टाने पाठवताना वजनाची मर्यादा आधी विचारून लॉट बांधा. कस्टमच्या फॉर्मवर ‘गिफ्ट’ लिहू नका. वापरलेल्या स्केल मॉडेल फिगर, प्लास्टिक किंवा धातू, संख्या, खरी किंमत, आणि ९५०३ हा खेळणी-मॉडेलचा कस्टम कोड. ब्रिटनमध्ये १३५ पौंडांपर्यंतच्या मालाचा व्हॅट साइटच वसूल करते. अमेरिकेची ८०० डॉलरपर्यंतची सूट २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद झाली, त्यामुळे तिकडच्या गिऱ्हाइकाला कर वेगळा पडेल हे आधी सांगा.

पैशाच्या बाबतीत एकच खबरदारी: खात्यात जमा झालेलं बँकेच्या ॲपमध्ये दिसल्याशिवाय पार्सल हलवू नका. यूपीआयचा स्क्रीनशॉट बनवायला दोन मिनिटं लागतात. ‘पैसे पाठवतोय, पिन टाका’ असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबा, पैसे घ्यायला पिन लागतच नाही. जिंकणाऱ्याने ४८ तासांत पैसे दिले नाहीत तर दुसऱ्या बोलीवाल्याला विचारा. पण त्याला त्याच्याच आकड्यात, वरच्या नाही.

शेवटी पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, करा, अडत्या करतो तशी. विक्री वर, त्याखाली आडत, हमाली, तोलाई. आडत म्हणजे साइटचं कमिशन, आणि ईबे ते शिपिंगच्या रकमेवरही लावतं, हे विसरायचं नाही. समजा लॉट गेला २,४०० रुपयांना, वर शिपिंगचे १८० गिऱ्हाइकाने दिले. ग्रुपवरचा लिलाव असल्याने आडत शून्य. खोका, बबल, टेप मिळून ७०, कुरिअर प्रत्यक्षात २१०. हातात पडले २,३००. हाच लॉट दोनदा परत आला असता तर आकडा काय झाला असता, तेही कागदावर मांडून बघा.

न खपणाऱ्या वस्तूंवर जीव अडकवू नका. वॉरहॅमर ४०,००० या खेळाची नवी आवृत्ती २०१७, २०२०, २०२३ अशी दर तीन वर्षांनी आली, त्यामुळे मागच्या आवृत्तीची नियमपुस्तकं रद्दीच्या जवळपास जातात. मोठ्या लॉटसोबत फुकट द्या. स्प्रे प्रायमरचे डबे पोस्टाने किंवा विमानाने जाणार नाहीत, ते गावातल्याच कोणाला द्या. सुटे हात, डोकी, शस्त्रं मात्र फेकू नका, वजनावर जातात, १०० ग्रॅमच्या पिशव्या करा.

त्यानंतरही उरलेले लंगडे-लुळे प्लास्टिकचे सैनिक दिवाळीत गल्लीतल्या पोरांच्या किल्ल्यावर खपतात. घरच्यांच्या लेखी तसेही हे सगळे किल्ल्यावरचे मावळेच होते. फक्त जुने धातूचे देऊ नका, त्यात शिसं असतं.